‘नाही’ म्हणायला विसरलेली वकिली

२००१ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी एन्रॉन कंपनीचे अध्यक्ष केनेथ ले यांच्या हाती एक पत्र पडले. ते लिहिणाऱ्या शेरॉन वॉटकिन्स कंपनीच्याच एक उपाध्यक्ष होत्या. हिशेबांतील गैरप्रकारांपायी कंपनी आतून कोसळेल, असा इशारा त्यांनी दिला होता. चौकशी करा, असे तर त्यांनी सुचवलेच. पण ती कोणाकडे देऊ नये, हेही सांगितले. व्हिन्सन अँड एल्किन्स या वकिलांच्या पेढीला यात घेऊ नका, कारण संशयास्पद व्यवहारांपैकी काहींना याच पेढीने अनुकूल अभिप्राय दिले आहेत, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे होते. ले यांच्या कंपनीने चौकशी त्याच पेढीकडे सोपवली!

एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीजप्रकल्पाच्या रूपाने या कंपनीने राज्याच्या तिजोरीवर किती मोठा भार टाकला, हे एका पिढीने अनुभवले आहे. परंतु एन्रॉनच्या कथेतील एक पात्र मात्र मराठी चर्चेत फारसे आले नाही. ते पात्र म्हणजे तिचे वकील.

तेलाच्या विहिरीवर वाढलेला वटवृक्ष

१९०१ साली टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचा कारंजा उसळला आणि त्या प्रांताचे भाग्य पालटले. त्या संपत्तीच्या लाटेवर १९१७ साली विल्यम व्हिन्सन आणि जेम्स एल्किन्स यांनी ह्यूस्टनमध्ये ही पेढी स्थापन केली. जमिनीखालच्या तेलाचे हक्क, नळवाहिन्यांचे करार, कर्जरोखे या विषयांत तिने असाधारण प्रावीण्य मिळवले. एल्किन्स यांनी वकिलीच्या जोडीने बँकही उभारली. टेक्सासचे माजी गव्हर्नर जॉन कॉनली यांच्यासारखी माणसे या पेढीत भागीदार झाली. कायदा, भांडवल आणि सत्ता यांचा त्रिवेणी संगमच तेथे झाला होता. या पेढीची विद्वत्ता खोटी नव्हती. दुर्दैव असे की, विद्वत्ता आणि विवेक या दोन गोष्टी भिन्न आहेत.

१९८५ साली दोन वायू कंपन्यांच्या विलीनीकरणातून एन्रॉन जन्माला आली आणि कालांतराने ती या पेढीची सर्वांत मोठी अशील बनली. २००१ साली पेढीच्या उत्पन्नापैकी सात टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या एन्रॉनचा होता. एन्रॉनच्या विधी विभागाचे प्रमुख जेम्स डेरिक हे पूर्वाश्रमीचे याच पेढीचे भागीदार. म्हणजे काम देणारा आणि काम घेणारा एकाच घरातले. अशा घरात ‘हे चुकते आहे’ असे कोणी कोणाला सांगायचे?

एन्रॉनचे मुख्य वित्त अधिकारी अँड्र्यू फॅस्टाव यांनी अनेक छोट्या भागीदारी संस्था निर्माण केल्या होत्या. एन्रॉनची कर्जे आणि तोटे ताळेबंदातून अदृश्य करणे, हा त्यांचा उपयोग. मात्र मालमत्ता हिशेबातून बाहेर काढायची, तर ती खरोखरच विकली गेली आहे, असा वकिलाचा लेखी अभिप्राय लागतो. तो कागद हाती असला, की लेखापरीक्षक सही करतो, बँक पैसे देते आणि भागधारक निर्धास्त झोपतो.

चौकशीत काय झाले? एन्रॉनच्या लेखापरीक्षकांनी, म्हणजे आर्थर अँडरसन या संस्थेने केलेल्या हिशेबांची उलटतपासणी करायची नाही, ही मर्यादा आरंभीच मान्य करण्यात आली. १५ ऑक्टोबर २००१ रोजी अहवाल आला. व्यवहार दिसायला बरे दिसत नाहीत, त्यातून बदनामी व दावे ओढवू शकतात, हे त्यात नोंदले होते. मात्र स्वतंत्र वकील आणि लेखापरीक्षक नेमून व्यापक चौकशी करण्याची गरज नाही, असा निष्कर्ष होता. दुसऱ्याच दिवशी एन्रॉनने ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर केला. २ डिसेंबरला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आयुष्यभराची निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये गुंतवून बसलेली कुटुंबे उघड्यावर आली.

आर्थर अँडरसन या प्रकरणात नामशेष झाली. वकिलांची पेढी तरली. आपण काही गैर केले, हे तिने मान्य केले नाही. २००६ साली तिने एन्रॉनच्या दिवाळखोरी मालमत्तेला ३ कोटी डॉलर देऊन तडजोड केली आणि ती आजही जगभर काम करते आहे.

बचाव आणि त्यातील गफलत

अशिलाची बाजू मांडणे हा वकिलाचा धर्मच नव्हे काय, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गफलत दडलेली आहे. न्यायालयात उभा राहणारा वकील घडून गेलेल्या कृत्याचा बचाव करतो. त्याच्यासमोर प्रतिपक्षाचा वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. खुन्यालाही वकील मिळालाच पाहिजे. परंतु व्यापारी पेढीतील वकील घडू घातलेल्या कृत्याला आकार देत असतो. त्या बंद खोलीत प्रतिपक्ष नाही, न्यायाधीश नाही आणि ज्याचे पैसे बुडणार तो भागधारकही नाही. तेथे ‘नाही’ म्हणू शकणारा एकमेव मनुष्य वकील असतो. त्यानेच मौन धरले, तर कायदा त्या खोलीत शिरतच नाही.

अमेरिकेने २००२ साली सार्बेन्स-ऑक्सले कायदा करून कंपनीच्या वकिलावर गैरव्यवहार वरिष्ठांना आणि संचालकांना कळवण्याचे बंधन घातले. संचालकांनीही ऐकले नाही, तर वकिलाने काम सोडावे आणि नियामकाला तसे कळवावे, हा पुढचा प्रस्ताव मात्र वकीलवर्गाच्या विरोधामुळे अमलात आला नाही. ज्यांच्या हाती लेखणी, त्यांनी स्वतःपुरती पळवाट राखली!

भारताने काय शिकावे?

न्यायालयाबाहेर दिलेला सल्ला हीसुद्धा वकिलीच आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तेच सूत्र मान्य केले. त्यामुळे विदेशी पेढ्यांना येथे मुक्तद्वार मिळाले नाही. पुढे बार कौन्सिलने २०२३ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२५ मध्ये नियम करून, विदेशी कायदा व आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरती त्यांना मर्यादित वाट दिली.

या प्रश्नावर चर्चा झाली ती प्रामुख्याने विदेशी यावेत की न यावेत, एवढीच. स्वदेशीचा आग्रह योग्यच आहे. डॉलरशी जखडलेला दर, वीज घ्या अथवा न घ्या पण द्यावेच लागणारे पैसे, सरकारी हमी आणि लंडनमधील लवाद, अशी कलमे असलेल्या कराराने दाभोळमध्ये काय घडवले, हे विसरता येणार नाही. परंतु पेढीवरचा ध्वज बदलल्याने पेढीचा विवेक आपोआप जागा होत नाही. मेजावरची वकिली ही वकिलीच असेल, तर तिला वकिलीचे अधिकार तेवढे आणि कर्तव्ये मात्र नाहीत, असे कसे चालेल?

२०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांचे लेखापरीक्षक ठरावीक मुदतीने बदलणे अनिवार्य केले. मोठा अपहार आढळल्यास केंद्र सरकारला कळवण्याचे बंधनही घातले. वकिलांच्या पेढीवर असे बंधन नाही. अशील आणि वकील यांच्यातील गोपनीयता पवित्र आहे, ती राहिलीच पाहिजे. मात्र बेकायदा हेतू तडीस नेण्यासाठी झालेल्या संभाषणाला आपला साक्षीचा कायदाही संरक्षण देत नाही. म्हणूनच किमान दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. ज्या पेढीने व्यवहार रचला, तिने त्याच व्यवहाराची चौकशी करू नये. आणि गैरव्यवहार दिसताच तो संचालक मंडळापुढे लेखी मांडण्याचे बंधन देशी-विदेशी प्रत्येक पेढीवर असावे. न्यायालयात अशिलाला अनुचित मार्गापासून परावृत्त करण्याचे कर्तव्य बार कौन्सिलच्या नियमांत आहेच. ते संचालकांच्या दालनापर्यंत नेले पाहिजे.

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले. ते न्यायाधीश होते, वकील नव्हते, हे खरे; पण ज्याचे अन्न खातो त्यालाच ‘नाही’ म्हणण्याची परीक्षा दोघांनाही चुकत नाही. ह्यूस्टनमधील विद्वानांपुढे ती परीक्षा २००१ साली आली आणि त्यांनी कोरी उत्तरपत्रिका ठेवली. उद्या ती मुंबईत आणि दिल्लीत येईल. तेव्हा उत्तर कोण देणार?