ट्रॅक्टरवरची गाणी आणि मेंदूचं गणित

परवा गॅसवर दूध ठेवलं होतं. ते कधी वर येणार, हे वीस वर्षांच्या संसारात घड्याळाशिवाय कळतं. पण तेवढ्यात टीव्हीवरच्या बातम्या, मोबाईल, दारात भाजीवाल्याची हाक... दूध उतू गेलं! मी मात्र म्हणत होते, ‘आत्ता तर ठेवलं!’

मैत्रिणींनो, एखादी गोष्ट कधी घडणार याचा अंदाज मेंदू सतत बांधत असतो. लक्ष दुसरीकडे वळलं, की गेलेला वेळ कमी वाटतो, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसलंय. नको असलेले आवाज मेंदू बाजूला सारतो. पण तेही कामच की! पंख्याची घरघर थोड्या वेळाने जाणवत नाही. अचानक येणारा, बदलता आवाज किंवा माणसाचं बोलणं मात्र लक्ष ओढून घेतंच.

दूध गेलं तर ओटा पुसता येतो. रस्त्यावर काय?

आपला जिल्हा २०२४ मध्ये अहिल्यानगर झाला. साखरेचा जिल्हा ही ओळख जुनीच. गाळप सुरू झालं, की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्याने गाणी लावून जातात. चालकाला मागचा हॉर्न ऐकू येत नाही. रस्ता ओलांडणारी बाई समोरची गाडी किती झपाट्याने मोठी दिसतेय, यावरून ती कधी पोचेल हे ठरवते. अंधारात, रिफ्लेक्टर नसेल, तर हा आधारही जातो. वर त्या गाण्यांचा दणदणाट!

चालक म्हणतात, ‘ताई, गाणी नसतील तर झोप लागते.’ खरंय. पण झोपेवर उपाय विश्रांतीच.

बोल फक्त त्यांनाच कशाला? अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. गाडी चालवण्यासारखं काम करताना फोनवर बोलणाऱ्यांचे सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. फोन हातात असो वा नसो, फरक नाही! म्हणजे ओढणीत फोन खोचून स्कूटी चालवणाऱ्या आपणही त्यातच आलो.

म्हणून पुढच्या गाळपाआधी बचतगटाच्या बायकांनी ग्रामसभेत तीन गोष्टी मागूया: गाण्यांचा आवाज कमी, प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि चालकाला पुरेशी झोप. चौथी स्वतःकडे मागायची. रस्ता ओलांडताना फोन पर्समध्ये. फोन पुन्हा येईल, पण ओट्यासारखा रस्ता पुसून सगळं पूर्ववत होत नाही.