बाजाराचे तोंड कुणीकडे?

भायखळा स्टेशनच्या पश्चिमेला उतरा आणि मिर्झा गालिब मार्गाने नागपाड्याकडे चालू लागा. घाई करू नका. दोन्ही बाजूंची दुकाने पाहत चला. जवळजवळ प्रत्येक दुकानाचे तोंड रस्त्याकडे आहे. आतला दुकानदार तुम्हांला दिसतो आणि तुम्ही त्याला दिसता. काही विकत घेतले नाही तरी चालता चालता भाव कळतो, ओळखीचे माणूस भेटते. अचानक पाऊस आला तर दुकानाच्या पायरीवर घटकाभर उभे राहता येते. दुकानदार फार तर कपाळाला आठी घालील. पायरीचे भाडे मागणार नाही.

बाजार, दुकान, किंमत, खरेदी, हिशेब हे शब्द तुमच्या उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. दोन्ही भाषा एकाच बाजारात हिंडल्या, त्याची ही खूण. 'मॉल' हा शब्द मात्र दोघींकडेही पाहुणा म्हणून आला. येताना तो एक नव्या घडणीची इमारत घेऊन आला. त्या इमारतीविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. उद्या तुमच्यापैकीच कोणी अशा इमारतीचा नकाशा काढील, कोणी तिच्यात दुकान मांडील.

एका मोठ्या छपराखाली अनेक दुकाने भरवणे ही आपल्या शहरात नवी गोष्ट नाही. भायखळ्याहून दक्षिणेला मोहम्मद अली रोडने गेले, की क्रॉफर्ड मार्केट लागते. आता त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई असे आहे. विल्यम इमर्सन यांनी आखलेली ही मंडई १८६९ साली पूर्ण झाली. उंच छप्पर, वरून येणारा उजेड, खेळती हवा आणि रस्त्यावर उघडणारे दरवाजे अशी तिची रचना आहे. मंडईच्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. ज्याला मंडईत काहीच घ्यायचे नाही, त्यालाही ते वेळ सांगते.

नव्या मॉलमध्ये भिंतीवर घड्याळ शोधून पाहा. बहुधा सापडणार नाही. खिडक्याही कमीच. बाहेर ऊन आहे की अंधार पडला, हे कळू नये अशीच ही योजना असते. वर नेणारा सरकता जिना एका टोकाला संपतो आणि पुढच्या मजल्याचा जिना पुष्कळदा दुसऱ्या टोकाला सुरू होतो. त्यामुळे मधली सगळी दुकाने पाहूनच पुढे जावे लागते. खाण्याच्या जागा सहसा सर्वांत वर. भूक लागलेल्या माणसालाही आधी चपला, घड्याळे आणि कपडे पाहावे लागतात!

अशा बंदिस्त मॉलचा पहिला मोठा नमुना व्हिक्टर ग्रुएन यांनी उभा केला. हे वास्तुशास्त्रज्ञ मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या काळात त्यांना देश सोडून अमेरिकेत जावे लागले. तेथे मिनेसोटा राज्यात १९५६ साली त्यांचे 'साउथडेल' हे केंद्र सुरू झाले. तिकडचा हिवाळा कडाक्याचा, म्हणून वरून छप्पर आणि आत ऊब. व्हिएन्नातल्या चौकासारखा, लोकांनी एकत्र जमण्याचा चौक उभारावा हे त्यांचे स्वप्न होते. सभोवती घरे, शाळा, बागा याव्यात असेही त्यांना वाटे. पुढे जागोजागी झाले ते वेगळेच. चौकाचे निव्वळ दुकान झाले आणि सभोवती राहिला मोटारी उभ्या करण्याचा माळ. उतारवयात ग्रुएन यांनी अशा मॉलशी असलेले आपले नाते नाकारले.

आपल्याकडे ही इमारत आली ती गिरण्यांचे भोंगे थांबल्यावर. १९८२ च्या संपानंतर मध्य मुंबईतल्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ नंतर देशाची आर्थिक धोरणे बदलली, परदेशी माल येऊ लागला आणि मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात जेथे कापड तयार होत होते, तेथे आता तयार कपडे विकले जातात. मिलचे धुराडे अजून उभे आहे. १९९९ साली हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' हा मॉल उघडला. त्याची इतकी गर्दी उसळली, की सुरुवातीला ज्याच्याजवळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड असेल त्यालाच मोफत प्रवेश देत. बाकीच्यांना आत जाण्यासाठी पैसे मोजावे लागत. टीका झाल्यावर ही अट मागे घ्यावी लागली. तुमच्या आजोबांपैकी किती जणांच्या खिशात त्या वर्षी मोबाइल होता, हे घरी जरूर विचारा.

मॉल वाईटच, असे मी म्हणणार नाही. भर उन्हाळ्यात तेथे गारवा मिळतो. स्वच्छ प्रसाधनगृह असते, आजीला चाकाच्या खुर्चीतून वर नेता येते. मुंबईच्या बाजारात स्त्रियांना प्रसाधनगृहासाठी किती वणवण करावी लागते, ते तुमच्या आईला ठाऊक आहे. जुन्या बाजाराचे गोडवे गाणारे नेमके हेच विसरतात. माझी तक्रार एकच आहे. ही इमारत रस्त्याकडे पाठ करून बसते.

आणि पाठ फिरवण्याचा धोका आपण अगदी शेजारी पाहिला आहे. २२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली. मुंबई अग्निशमन दलाचे मुख्यालय भायखळ्यातच, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरीही आग पूर्ण विझायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला. शेजारच्या उंच इमारतीतल्या सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना रातोरात बाहेर काढावे लागले. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. काही जवान मात्र जखमी झाले. चहूकडून बंद असलेल्या इमारतीत धूर कोंडतो आणि जवानांना आग कोठे आहे तेच दिसत नाही. मोकळी वाट, उघडणारी खिडकी, रिकामा जिना या गोष्टी नकाशात कमी केल्या तर दुकानांना जागा जास्त मिळते, हे खरे. मग अशा रात्री त्याची किंमत दुसरेच कोणी देतात.

अलीकडे वारा थोडा बदलतो आहे. नव्या केंद्रांमध्ये मोकळी अंगणे, झाडे आणि उघड्यावर बसण्याच्या जागा दिसू लागल्या आहेत. पण बाकावर बसण्यासाठी आधी कॉफी विकत घ्यावी लागत असेल, तर तो बाक कसला? ती कॉफीच्या दुकानाची खुर्चीच.

आपल्या जवळच भेंडी बाजारात साडेसोळा एकरांवर पुनर्विकास चालू आहे. सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने २००९ साली हाती घेतलेल्या या योजनेत सुमारे बाराशे दुकाने आणि व्यवसायही आहेत. जुन्या, मोडकळीस आलेल्या चाळींच्या जागी बुरूज उभे राहणे गरजेचेच होते. माझे लक्ष मात्र त्या बुरुजांच्या तळमजल्याकडे लागले आहे. तेथल्या दुकानांचे दरवाजे पदपथावर उघडतील का, आणि नमाजहून घरी निघालेल्या म्हाताऱ्याला टेकायला एखादी पायरी उरेल का, ते मला पाहायचे आहे.