दुसरा पेढा कुणाला?

छोट्या दोस्तांनो,

संपली ना सुट्टी? नव्या वह्यांना कव्हरं घालून झाली? नाशिकमध्ये सारडा कन्या विद्यामंदिरासारख्या खास मुलींच्या शाळा आहेत. शाळा उघडताना अशा ठिकाणी दहावीच्या निकालाचा आनंदही ताजा असतो. पेढे, फुलं, बाईंना वाकून नमस्कार!

आनंद का नसावा? १८४८ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा शिकवायला निघालेल्या सावित्रीबाईंवर लोकांनी शेण फेकलं. आणि २०२५ च्या दहावीत? राज्यातल्या नियमित विद्यार्थ्यांत ९६.१४ टक्के मुली पास, मुलगे ९२.३१ टक्के!

पण थांबा. शंभरातल्या उरलेल्या चारजणींचं काय? त्यातली एखादी तुमच्याच गल्लीत दार लावून बसलेली असेल. तिला ‘किती पडले?’ असं विचारू नका. बोर्डाची पुरवणी परीक्षा लवकरच होते, हे सांगा. २०२५ मध्ये निकाल १३ मे रोजी लागला आणि जूनअखेरीस पुरवणी परीक्षा सुरूही झाली. शिवाय एक-दोनच विषय राहिले, तर एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. वर्ष वाया जात नाही!

आणि आई-बाबा, शेजारच्या मुलीच्या टक्क्यांशी तुलना नको हं!

पहिला पेढा देवापुढे ठेवा. दुसरा घेऊन त्या मैत्रिणीकडे जा आणि म्हणा, “चल गं, गणितं सोडवायला बसू.”

तुमची,
ताई