भाड्याची मोटार आणि गावची वाट

दिवाळीची सुट्टी लागली की किनारपट्टीवरील कुटुंबे घाटमाथ्याची वाट धरतात, हे आता नित्याचे झाले आहे. कुणाला कोल्हापूरच्या अंबाबाईचे दर्शन घ्यावयाचे असते, कुणाला आदमापूरला बाळूमामांच्या पायी माथा टेकावयाचा असतो, तर कुणाला दाजीपूरच्या अरण्याची ओढ असते. या साऱ्या प्रवासात निपाणी हे मोक्याचे ठाणे होय. पुणे-बंगळूर महामार्ग या गावावरून जातो आणि राधानगरी, दाजीपूर व फोंडा घाट ओलांडून देवगडकडे कोकणात उतरणारा राज्यमार्गही येथूनच सुटतो. पूर्वी ही यात्रा एस.टी.ने होत असे. आता स्वतः चालवावयाची मोटार चार दिवसांसाठी भाड्याने घेण्याची पद्धत रुळली आहे. तीत वावगे काहीच नाही. प्रश्न आहे तो कोणती मोटार घ्यावी हा. आणि हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

भाड्याची मोटार निवडताना सामान्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात. एक भाडे आणि दुसरी ऐट. रस्ते खराब आहेत असे कळले की ऐटीला निमित्तच सापडते आणि उंच, धिप्पाड, चारही चाकांना जोर देणारी मोटार दारात येऊन उभी राहते. हौसेला मोल नसते असे म्हणतात; रस्त्याला मात्र माप असते, आणि ते माप सहसा कोणी विचारीत नाही.

महामार्गावर कोणतीही बरी मोटार चालते. खरी परीक्षा महामार्ग सोडल्यानंतरची. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने खेडोपाडी डांबर नेले, हे तिचे मोठेच श्रेय होय. परंतु या रस्त्यांची डांबरी रुंदी सर्वसाधारणपणे 3.75 मीटर आणि वाहतूक अगदी तुरळक असेल तेथे 3 मीटर एवढीच असते. इनोव्हा क्रिस्टासारख्या मोटारीची रुंदी 1.83 मीटर आहे. अशा दोन मोटारी समोरासमोर आल्या तर 3.66 मीटर जागा त्याच व्यापतात आणि उरतात अवघे 9 सेंटिमीटर, म्हणजे चार-पाच बोटे. बाजूचे आरसे तर या हिशेबात धरलेलेच नाहीत! याउलट ऑल्टो के-10 ची रुंदी 1.49 मीटर. अशा दोन मोटारी शेजारून गेल्या तर 77 सेंटिमीटर, म्हणजे दीड हाताहून अधिक जागा मोकळी राहते. अरुंद वाटेवर मोटारीची पहिली कसोटी रुंदी ही आहे, ताकद नव्हे, हे या साध्या बेरजेवरून स्पष्ट व्हावे.

शिवाय समोरून येणारे वाहन मोटारच असेल असे नाही. निपाणीचा परिसर तंबाखूचा तसाच उसाचाही. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि पुढे कित्येक महिने कारखान्यांकडे जाणाऱ्या वाटा बैलगाड्यांनी व दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना ऊस बाहेर आलेला असतो. अशी जोडट्रॉली मागे घेणे जवळजवळ अशक्यच. तेव्हा मागे हटावयाचे ते पाहुण्याने. ज्याला मोटार सरळ रेषेत शंभर हात मागे नेता येत नाही, त्याने या वाटेला मोठे वाहन आणूच नये. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात कित्येक ठिकाणी वीतभर पायरी असते, आणि तिच्याखाली काळी माती. अवकाळी पावसाने ती भिजली की उतरलेले चाक तेथेच रुतते.

दुसरी कसोटी उंचीची. म्हणजे मोटारीचा तळ जमिनीपासून किती वर आहे याची. खड्डे, वर आलेले दगड आणि वस्तीजवळचे मनमानी गतिरोधक यांवर तळ घासू नये यासाठी ही उंची हवीच. पण ती मिळविण्यासाठी रणगाडा आणण्याचे कारण नाही. क्विडसारख्या छोट्या मोटारीच्या तळाची उंची 184 मिलिमीटर, तर पंचची 187 मिलिमीटर आहे. मात्र हे आकडे सहसा रिकाम्या मोटारीचे असतात. पाच माणसे, बोचकी आणि परतीच्या वाटेवर गुळाची ढेप असे ओझे चढले की मोटार खाली बसते. तेव्हा माणसे व सामान अधिक असल्यास एका अवजड वाहनाऐवजी दोन लहान मोटारी घेणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. चारही चाकांच्या जोराची गरज डांबरी रस्त्यावर, तो कितीही फुटका असो, क्वचितच पडते. सुस्थितीतील टायर, हवा भरलेली स्टेपनी, जॅक आणि पाना ही चौकडी अधिक उपयोगी. मोटार ताब्यात घेतानाच ती डोळ्यांखालून घालावी.

उंच मोटारीने आणखी एक खोटा धीर येतो, तो पाण्यात उतरण्याचा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ महामार्गच अडविला होता. महामार्गाची ही गत, तर दूधगंगा-वेदगंगेवरील कोल्हापुरी बंधाऱ्यांचे काय? पावसाळ्यात ते पाण्याखाली जातात, आणि एरव्ही तेच गावकऱ्यांचे पूल असतात. फूट-दीड फूट वाहते पाणीही मोटार ढकलून नेऊ शकते. गावकरी थांबला असेल तेथे पाहुण्याने थांबावे, याहून सोपा नियम नाही.

आता कागदपत्रांविषयी. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या अधिकृत मोटारीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी. पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारी गुपचूप भाड्याने देण्याचा धंदा किनारपट्टीवर सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतो. त्या स्वस्त पडतात हे खरे. परंतु खासगी मोटारीचे विमापत्र तिच्या भाडोत्री वापराला मुभा देत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. त्या वेळी नुकसान केवळ पाहुण्याचे होत नाही. ज्या शेतकऱ्याचा बैल जायबंदी झाला, ज्या विडी कामगार बाईचा पाय मोडला, तिने भरपाई मागावी कुणाकडे? वाचलेल्या चार पैशांची किंमत दुसऱ्याने मोजावी, हा व्यवहार सभ्य माणसाला शोभत नाही.

या प्रवासात राज्यांच्या सीमाही पुनःपुन्हा ओलांडल्या जातात. गोव्यातून बांदा, आंबोली, आजरा, गडहिंग्लज असे महाराष्ट्रातून येऊन संकेश्वरला कर्नाटकात शिरावयाचे आणि निपाणीहून आदमापूरला जाताना पुन्हा महाराष्ट्रात. सीमेचा तो जुना प्रश्न सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून आहे. येथील माणसांची भाषा, सोयरीक आणि बाजार मात्र कधीच सीमेत मावले नाहीत. मोटारीचा परवाना मात्र सीमेपाशी अडतो. तो तिन्ही राज्यांत चालतो की नाही, हे मोटारमालकाकडून लेखी घ्यावे.

यात सरकारांचेही कर्तव्य आहे. अरुंद रस्त्यावर ठरावीक अंतराने वाहनांना बगल देण्याच्या जागा, आंधळ्या वळणांवर आरसे, भरून घेतलेल्या साइडपट्ट्या आणि फाट्यावर पुढील रस्त्याची रुंदी सांगणारा फलक, एवढ्या गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही. पर्यटनाच्या जाहिरातींवर खर्च करणाऱ्या तिन्ही राज्यांनी हे काम आधी करावे. मोटार भाड्याने देणाऱ्यांनाही तिची रुंदी, तळाची उंची आणि परवान्याची हद्द लिहून देण्याची सक्ती व्हावयास हवी.

तोवर आमचे सांगणे इतकेच. मोटार निवडताना आपल्या प्रतिष्ठेचे माप न घेता रस्त्याचे घ्यावे. घाटाची सवय नसेल तर स्थानिक चालकाची पिवळ्या पाटीची टॅक्सी करावी. त्यात कमीपणा नाही. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देणे हा कायदा आहे. ऊस ओढणाऱ्या बैलांना आणि शाळेतून परतणाऱ्या पोरांना आधी वाट देणे ही माणुसकी आहे. आपण त्या रस्त्यावर चार दिवसांचे पाहुणे असतो, त्यांचा मात्र तो रोजच्या भाकरीचा रस्ता आहे.