नेतृत्वाचे धडे आणि पूर्वपक्षाचा विसर

नेतृत्व आणि नवनिर्मिति या दोन शब्दांनीं सध्यां मोठाच बाजार मांडिला आहे. दोन दिवसांचें एखादें शिबिर भरवावें. सकाळीं उपनिषदांतील एखादा संवाद, दुपारीं एखाद्या रागाचें प्रात्यक्षिक आणि सायंकाळीं एखाद्या निवृत्त सेनाधिकाऱ्याचें व्याख्यान ठेवावें. म्हणजे कारखान्यांचे व पेढ्यांचे अधिकारी नेते होऊन घरीं परततात, अशी समजूत रूढ झाली आहे. तत्त्वज्ञान, संगीत आणि सेना यांजपासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. आमचा आक्षेप आहे तो तेथून काय उचललें जातें यावर. तत्त्वज्ञाकडून सुभाषित, गवयाकडून लहर आणि सेनापतीकडून हुकूम एवढेंच घेऊन ही मंडळी निघतात. ज्या गोष्टीमुळें या तिन्ही क्षेत्रांत कांहीं नवें जन्मास आलें, ती मात्र मागेंच राहते. ती गोष्ट म्हणजे शिस्तीच्या आंत राहून विरोध करण्याची मुभा, आणि ती मुभा देण्याचें वरिष्ठाचें धैर्य.

प्रथम तत्त्वज्ञान घेऊं. आपल्या शास्त्रग्रंथांत सिद्धान्तापूर्वीं पूर्वपक्ष मांडावा लागतो. आणि तो असा मांडावा लागतो, कीं प्रतिपक्षीयानेंही 'आमचें म्हणणें हेंच' असें कबूल करावें. ब्रह्मसूत्रभाष्यांत शंकराचार्यांनीं सांख्यांस प्रधानमल्ल मानिलें आणि त्यांच्याशीं कसून झुंज घेतली. दुबळा गडी निवडून त्यास चीत करण्यांत पुरुषार्थ नाहीं, हें ते जाणून होते. शिबिरांतील तत्त्वज्ञानांत सिद्धान्त तेवढे असतात. पूर्वपक्ष औषधालाही सांपडत नाहीं.

सैन्यांत असला वाद परवडत नाहीं, असें यावर उत्तर मिळतें. तें खरें नाहीं. १७८४ सालीं, ज्ञानोदय म्हणजे काय या प्रश्नावर कांटनें जो छोटा निबंध लिहिला, त्यांत त्यानें सैनिकी अधिकाऱ्याचेंच उदाहरण घेतलें आहे. कामगिरीवर असतांना त्यानें हुकुमाच्या योग्यायोग्यतेचा वाद घालूं नये. परंतु जाणता या नात्यानें सैन्यव्यवस्थेंतील दोष वाचकांपुढें मांडण्याचा त्याचा हक्क हिरावून घेतां येत नाहीं, असें कांट म्हणतो. पुढें बावीस वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १८०६ रोजीं, येना व आउअरश्टेट येथें नेपोलियनच्या फौजांनीं कांटच्याच प्रशियाच्या सैन्याचा धुव्वा उडविला. हें सैन्य बेशिस्त नव्हतें. फ्रेडरिकच्या वेळची कवाईत त्यानें जपली होती. जपली नव्हती ती विचार करण्याची संवय.

हें ज्यास आधींच कळलें होतें तो शार्नहोर्स्ट. पराभवापूर्वींच त्यानें बर्लिन येथें अधिकाऱ्यांची एक मंडळी जमवून युद्धविषयक चर्चा चालविली होती. पराभवानंतर सुधारणेचें काम त्याच्याचकडे आलें. १८०८ सालीं अधिकारपदांवरील सरदारघराण्यांची मिरास मोडली. १८१० सालीं युद्धविद्यालय निघालें. १८५७ पासून १८८८ पर्यंत सेनेच्या नियोजनमंडळाचा प्रमुख असलेल्या मोल्टकेनें हीच परंपरा पुढें नेली. वरिष्ठानें साध्य सांगावें, साधन कनिष्ठानें प्रसंग पाहून निवडावें, असा तिचा मथितार्थ होता.

येथवरची कथा शिबिरांत क्वचित् ऐकूं येते. तिचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाहीं. ऑगस्ट १९३४ मध्यें त्याच परंपरेच्या वारसांनीं एका व्यक्तीच्या नांवानें, हिटलरच्या नांवानें, निष्ठेची शपथ घेतली. साधनाविषयीं पूर्ण मुभा आणि साध्याविषयीं पूर्ण मौन, अशी त्या सेनेची अवस्था झाली. तिच्या कर्तबगारीनें जगाचें काय केलें, हें सांगावयास नको. कांटनें राखून ठेविलेला हक्क सोडून दिला कीं कौशल्यही घातकच ठरतें.

आतां संगीत. येथें आमच्यावर आक्षेप येईल, कीं गुरुशिष्यपरंपरेंत प्रश्न विचारण्यास जागाच कोठें होती? चिजा लपविणें, दुसऱ्या घराण्याचें गाणें ऐकूं न देणें, हे प्रकार घडले आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण नवें कोठें निघालें तें पाहावें. अल्लादियाखाँसाहेबांचा (१८५५–१९४६) आवाज अतिगायनानें बिघडला, आणि त्या बिघडलेल्या आवाजास पेलेल अशी गायकी त्यांनीं घडविली, असें सांगतात. ती लहर नव्हती. अनेक वर्षांची तालीम पाठीशीं होती म्हणूनच तें साधलें. त्यांच्याच तालमींत केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर तयार झाल्या. आणि दोघींचें गाणें एकमेकींहून वेगळें राहिलें. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनीं तर एकाहून अधिक घराण्यांची विद्या घेतली, आणि त्यांच्या हाताखालून बालगंधर्व व मास्तर कृष्णराव निघाले. यांपैकीं कोणीही गुरूची नक्कल नव्हे. शिष्यास आपल्याहून निराळा होऊं देणें, हें गुरूचें खरें नेतृत्व. तें न करणाऱ्यांच्या मागें केवळ अनुकरण उरतें.

तेव्हां शिबिरें भरविणारांस आमचें एवढेंच सांगणें आहे: सुभाषितें, तानपुरे आणि पदकें यांची आरास पुरे झाली. आपल्या संस्थेंत वरिष्ठाच्या मताविरुद्ध शेवटचें मत केव्हां मांडलें गेलें, तें कोणी लिहून ठेविलें काय, आणि तें मांडणारा मनुष्य आज कोठें आहे, या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधीं शोधावीं. तीं समाधानकारक असतील, तर शिबिराची गरज नाहीं. नसतील, तर शिबिराचा उपयोग नाहीं.