दमास्कसची वेदी

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. धर्म निराळा म्हणून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी बायबल उघडलेही नसेल. तथापि त्यातील यहूदाचा राजा आहाज याची हकिकत घरोघरच्या कर्त्या पुरुषांनी अवश्य वाचावी अशी आहे.

अराम व इस्राएल येथील राजे चालून आले, तेव्हा आहाजाने मंदिरातील सोनेरुपे अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरास पाठवून साहाय्य मागितले. त्या बलाढ्य राजाने ख्रिस्तपूर्व ७३२ च्या सुमारास अरामाची राजधानी दमास्कस घेतली. त्याच्या भेटीस आहाज तेथे गेला असता एक वेदी त्याच्या दृष्टीस पडली. ती मनात इतकी भरली की, तिचा नमुना त्याने यरुशलेमास उरीया याजकाकडे धाडला. आणि राजा परतण्यापूर्वीच याजकाने तशीच वेदी उभारून ठेवली! आम्हांस राजाहून या याजकाचीच चीड अधिक येते. राजा मोहात पडला. पण हा तर शास्त्र जाणणारा! त्याने एक शब्दही विचारल्याचा उल्लेख नाही.

आहाजाचा तर्क असा की, अरामी राजांस त्यांचे देव यश देतात, तेव्हा त्यांस भजल्याने आपणांसही यश येईल. हेत्वाभासाचे याहून उत्तम उदाहरण न्यायाच्या विद्यार्थ्यास क्वचितच मिळेल. त्या देवांनी खुद्द दमास्कस तरी कोठे राखले होते?

जुनी पितळेची वेदी मात्र त्याने मोडली नाही. ती उत्तरेच्या बाजूस सरकवून स्वतःस कौल लावण्यापुरती राखून ठेवली. भाग्यवंताघरची रीत उचलताना आपणही कुळाचार एकदम टाकीत नाही. अडल्या दिवसासाठी कोनाड्यात ठेवितो.

ख्रिस्ती शास्त्राच्या दृष्टीने हा केवळ बुद्धीचा दोष नव्हे. देवावरचा भरवसा काढून दुसऱ्याच्या भरभराटीवर ठेवणे हे पाप होय. त्र्याहत्तराव्या स्तोत्रात भक्त आसाफ कबूल करितो की, दुर्जनांचे वैभव पाहून आपलाही पाय घसरू लागला होता. देवाच्या मंदिरात गेल्यावर त्याचे डोळे उघडले. आहाजाने त्याच मंदिराची दारे बंद करविली. पुढे त्याचा पुत्र हिज्कीया याने राज्यावर येताच पहिल्याच महिन्यात ती उघडली. आतील अमंगळ बाहेर काढून मंदिर शुद्ध करण्यास १६ दिवस लागले.