एक कोयता म्हणजे किती माणसे?

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या गावांत निघानिघ सुरू होते. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, केज या भागांतली बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ट्रॅक्टरवर चढतात आणि कोल्हापूर-सांगलीकडे, काही तर थेट कर्नाटकात, ऊसतोडीला जातात. आपण करंजीच्या सारणात साखर मिसळत असतो, त्याच सुमारास उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोपी उभ्या राहू लागतात.

या धंद्यात मोजणीची एक चमत्कारिक रीत आहे. मुकादम 'माणसे किती?' असे विचारीत नाही. तो विचारतो, 'कोयते किती?' आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी! एकटी बाई आली तर ती अर्धा कोयता. इंग्लंडातले गिरणीमालक कामगारांना नुसते 'हात' म्हणत, त्यातलाच हा प्रकार.

शब्दच तो, त्यात काय एवढे, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, माणूस ज्या शब्दाने मोजतो तेवढेच त्याला दिसते. उचल मिळते ती कोयत्याला, हिशेब होतो तोही कोयत्याचाच. पहाटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर ऊस तोडून मोळ्या डोक्यावर वाहणारी बाई त्या हिशेबात वेगळी उरतच नाही. आजारपणाने कामावर खाडा पडला तर दंड मात्र कापला जातो. कोयत्याला पाळी येत नाही, कोयत्याला विश्रांती लागत नाही, मग न्हाणीची आणि संडासाची सोय तरी कोणासाठी करायची?

याची किंमत 2019 साली उघड झाली. सरकारी चौकशी समितीपुढे आकडे आले, ते असे: पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. म्हणजे सहा जणींमागे जवळजवळ एक! 'पिशवी काढली की कटकट मिटली' हे त्यांनाही पटवून देण्यात आले होते. आपल्या देहाकडे कामातली अडचण म्हणून पाहायला त्या शिकल्या, त्या आपणहून खासच नव्हेत.

आपण शहरातली माणसे ती बातमी वाचून हळहळलो आणि 'बिचारा मागासलेला बीड' म्हणून मोकळे झालो. तीही मोजण्याचीच एक रीत! मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे अंबाजोगाई याच जिल्ह्यातले, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले? मागासलेपणाचा शिक्का मारला की पुढे विचारायचे काही राहत नाही. आणि ऊस ज्यांच्यासाठी तोडला जातो ते तर आपणच.

मुकादमाला नावे ठेवण्यापूर्वी आपल्या घरातलीही भाषा जरा ऐकावी. 'आज भांडीवाली आली नाही', 'इस्त्रीवाला कुठे गेला?' असे आपण सहज बोलून जातो. भांडीवाली आली नाही म्हणजे आपल्याला मोरीतली भांडी दिसतात. तिच्या मुलाचा ताप दिसत नाही. उद्या ती आली की आधी तिच्या घरची विचारपूस करावी. भांड्यांचे मग पाहता येईल.